फुकट विजेचा ताप

जळगावात उन्हाला तोटा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की माणसं एकमेकांशी बोलणंसुद्धा संध्याकाळवर ढकलतात. त्यामुळे "साहेब, तुमच्या गच्चीवर पैसा नुसता तापत पडलाय," असं सोलरवाला म्हणाला तेव्हा सगळं घर कान टवकारून बसलं.

पाठकोऱ्या कागदावर त्याने हिशेब मांडला. तीन किलोवॅटचे एक लाख नव्वद हजार. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेचं अनुदान ७८,००० : पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा. अर्थात ते मागाहून, नेट मीटर (कंपनीकडून घेतलेली आणि कंपनीला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं) लागून तपासणी झाली की खात्यात. आधी खिसा आपलाच. दिवसाला सरासरी बारा युनिट. "पाच वर्षांत वसूल, पुढे वीस वर्षं वीज फुकट!"

"म्हणजे मला त्र्याऐंशीव्या वर्षापासून फुकट," असं म्हणत अण्णांनी चेकवर सही केली. पॅनलांसाठी उंच स्ट्रक्चर घेतलं तर खाली खाट टाकता येते, हे सोलरवाल्याने सांगून पाहिलं. पण त्याचे पैसे वेगळे पडतात म्हटल्यावर अण्णांनी बुटकंच पसंत केलं. सहा पॅनल दक्षिणेकडे तोंड करून गच्चीवर पसरले आणि तीनेकशे चौरस फूट गिळून बसले.

नेमके तेच तीनशे चौरस फूट आईचे होते. खानदेशात उन्हाळा हा ऋतू नसून खातं आहे, वाळवण खातं. कुरडया, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे. आईने आठवडाभर पॅनलांकडे सवतीसारखं पाहिलं. मग एका सकाळी मोबाइलमधल्या ॲपवरचा वीजनिर्मितीचा आलेख, जो एरवी टेकडीसारखा चढायचा, तो दहा वाजताच घसरला. मी वर धावलो. दोन पॅनलांवर ओली फडकी अंथरलेली आणि त्यांवर ओळीने थापलेले बिबडे.

"काच आहे, कलती आहे, तापलेली आहे. आणि कावळा बसला तर पाय भाजतो त्याचा," आई म्हणाली. "अशी जागा मला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती."

मी समजावलं, की पॅनलमधल्या सेल एकीला एक जोडलेल्या असतात, एकीवर सावली पडली की तिच्याबरोबरची रांगच ढेपाळते. आईने विचारलं, नुकसान किती? मी म्हटलं, दिवसाला तीनेक युनिट. म्हणजे रुपये? मी आकडा सांगितला. तिने बाजारातल्या बिबड्यांचा भाव सांगितला. त्यानंतर मी फडकी सरळ करायला मदत केली.

तशी उन्हाचीही गंमतच आहे. पॅनलवर छापलेले वॅट पंचवीस अंशांवर मोजलेले असतात. त्यापुढे सेल जितकी तापेल तितकी दर अंशाला टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वीज घटते. आमच्या गच्चीवर काच दुपारी पासष्ट-सत्तरला जाते. म्हणजे ज्या उन्हाच्या जिवावर आम्ही हे सगळं केलं, तेच ऊन वरून बारा-पंधरा टक्के कापून घेतं. जळगावात ऊनसुद्धा कमिशन खातं.

पण बिलं खरोखरच उतरली, हे कबूल केलं पाहिजे. भर उन्हाळ्यात जिथे अडीच-तीन हजार यायचे, तिथे स्थिर आकार आणि किरकोळ काहीतरी. एवढं कमी बिल बघून अण्णांना ते खोटं वाटलं. ते घेऊन ते वीज कंपनीच्या कार्यालयात विचारायला जाणार होते. मी चपला लपवल्या.

कमी बिलाची बातमी गल्लीत पोहोचली आणि आईने घरघंटी घेतली. आमची वीज फुकट म्हणून दळणही फुकट, असा सोपा अर्थ गल्लीने लावला. अकरापासून डबे ओळीने लागू लागले. एके दिवशी भर दुपारी, आलेख शिखरावर असताना, वीज गेली. घरघंटी थांबली. पंखा थांबला.

"अरे, सूर्य तर आहे की!" आई म्हणाली.

सूर्य होता, पण पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा आमचा इन्व्हर्टर बिनबॅटरीचा, बाहेरची लाइन मेली की तो स्वतःहून बंद पडतो. तसा तो पडावाच लागतो, नाहीतर आमच्या गच्चीवरची वीज उलटी लाइनीत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनला झटका देईल. बॅटरी लावली तर हा प्रश्न सुटतो, पण मग वसुलीची पाच वर्षं आणखी लांबतात आणि अण्णांचं वय आडवं येतं. शेजारचे काका जुनाट बॅटरीवर फिरणाऱ्या पंख्याखाली बसून गॅलरीतून म्हणाले, "काय मग, पॉवर हाऊस बंद का?"

खरी धांदल उडते मार्चमध्ये. वर्षभर कंपनीकडे साठलेली आपली जादा युनिटं ३१ मार्चला निकाली निघतात, तीही फार कमी दराने. हे कळल्यापासून शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे सरकारी खात्यासारखा खर्च सुरू होतो. जळगावच्या मार्चमध्ये गिझर चालू. दोन्ही खोल्यांत एसी. पॅनलांवरच्या बिबड्यांपायी बुडणाऱ्या युनिटांची हळहळही आपोआप थांबते. धुळ्याच्या मावशीला आईने फोन केला, "ये गं, येताना गहू घेऊन ये. एकतीस तारखेपर्यंत दळण आहे."

मावशी दोन पोती घेऊन आली.