स्वतःविरुद्धची साक्ष

वानखेडेवरचा १९८० सालचा तो कसोटी सामना पुण्यातल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा उकरून काढला गेलाय. निमित्त कुठलंही चालतं. या खेपेला आयपीएलमधला एक झेल होता. कड लागल्याचं माहीत असूनही बॅट्समन क्रीजवर उभा राहिला, अंपायरनं नाबाद दिलं आणि ग्रुपवर एकमतानं ठरलं की त्यानं बरोबरच केलं, अंपायर मग कशाला ठेवलाय? तिथंच थांबले असते तर ठीक होतं. पण लगेच त्या कसोटीतला आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याला मध्ये ओढलं. "भोळेपणानं मॅच घालवली त्यानं."

हे वाक्य मला सहन होत नाही. आधी हिशेब बघू. बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची ती कसोटी. १६ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण म्हणून मध्येच विश्रांतीचा दिवस ठेवलेला. इंग्लंड ५ बाद ५८ होतं. पुढे बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. कर्णधार विश्वनाथ स्लिपमध्ये होता. बॅट लागलेली नाही अशी त्याची खात्री पटली आणि त्यानं अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावलं. टेलरनं ४३ केल्या, बोथमबरोबर १७१ धावांची भागी झाली आणि आपण दहा गडी राखून हरलो. पण बोथमनं त्या सामन्यात ११४ धावा काढल्या, तेरा बळी घेतले आणि आपला दुसरा डाव १४९ मध्ये आटोपला. हे सगळं विश्वनाथच्या माथी कसं मारता?

अटलांटात बसून याला उत्तर द्यायचं तर लांब जावं लागत नाही. गोल्फपटू बॉबी जोन्स इथलाच, ईस्ट लेकच्या मैदानावर वाढलेला. पूर्ण नाव रॉबर्ट टायर जोन्स ज्युनिअर. हे नाव वडिलांचं नव्हे, आजोबांचं. आपल्याकडे हे सांगितलं की कुणालाच नवल वाटत नाही. जन्म १९०२ चा. जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य, मग एमरीत कायदा. कायद्याची तीनच सत्रं झाली होती तेव्हा बारची परीक्षा देऊन बघितली, पास झाला, आणि पदवीसाठी न थांबता वडिलांच्या फर्ममध्ये वकिली सुरू केली. गोल्फ तो हौशी म्हणून खेळला, बक्षिसाचा पैसा कधी घेतला नाही. तरी १९२३ ते १९३० या आठ वर्षांत तेरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९३० साली अमेरिका आणि ब्रिटनच्या ओपन आणि ॲमॅच्युअर (फक्त हौशींची) अशा चारही एकाच मोसमात जिंकल्या, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या.

पण माझं काम आहे ते १९२५ च्या जूनमधल्या एका फटक्याशी. खरं तर फटका नव्हेच, फटक्याआधीच्या क्षणाशी. मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर कंट्री क्लब, यूएस ओपनची पहिली फेरी, अकरावं होल. जोन्सचा चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात होता.

रफमध्ये चेंडू बऱ्याचदा जमिनीला टेकलेला नसतो, गवताच्या पात्यांवर अडकून राहिलेला असतो. खेळाडू फटक्याच्या तयारीत आयर्नचं, म्हणजे लोखंडी क्लबचं, डोकं चेंडूमागे ठेवतो. तिथली पाती दबली की त्यांच्यात गुंतलेली पुढची पातीही वाकतात, चेंडूखालचा आधार सुटतो आणि चेंडू किंचित खाली किंवा बाजूला सरकतो. म्हणून जाणकार खेळाडू दाट गवतात क्लब टेकवतच नाहीत, गवताच्या वर अधांतरी धरतात. चेंडू नुसता डुलून जागेवर परत आला तर नियमाच्या दृष्टीनं तो हललाच नाही. जागा सोडून दुसरीकडे थांबला तर मात्र हलला, मग ते अंतर तांदळाच्या दाण्याएवढं का असेना. वीस फुटांवरच्या माणसाला हा फरक दिसणं शक्यच नसतं. दिसतो तो फक्त चेंडूवर ओणवलेल्या खेळाडूला.

जोन्सला दिसला. त्यानं बरोबर खेळणाऱ्या वॉल्टर हेगनला सांगितलं, अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी आजूबाजूला चौकशी केली, पण कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. शेवटी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्यानं स्वतःवर एक स्ट्रोक, म्हणजे एक जादा फटका, दंड लावला आणि त्या फेरीचे ७७ फटके झाले. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. चार फेऱ्यांअखेर २९१, विली मॅकफार्लेनशी बरोबरी. बरोबरी फोडायला अठरा होलचा प्लेऑफ झाला, त्यात दोघांचे ७५. पुन्हा अठरा होल झाले, मॅकफार्लेन ७२, जोन्स ७३. तो एक स्ट्रोक धरला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. लोक कौतुक करायला लागले तेव्हा तो म्हणाला की बँक लुटली नाही म्हणून माणसाची पाठ थोपटण्यासारखं आहे हे.

ग्रुपवरचा युक्तिवाद असा, की अंपायर असताना खेळाडूनं मध्ये पडू नये. वकिलाला हे पटणार नाही. निकाल द्यायला वस्तुस्थिती लागते आणि ती ज्याला माहीत आहे तो साक्षीदार असतो, मग तो खेळाडू का असेना. स्वतःच्या तोट्याची कबुली कुठल्याही कोर्टात वजनदार धरतात. वूस्टरला जोन्सनं तेवढंच केलं, वानखेडेवर विश्वनाथनंही तेवढंच.

आणि ही एका दिवसाची लहर नव्हती. १९३० च्या नोव्हेंबरात वॉर्नर ब्रदर्सबरोबर गोल्फच्या धड्यांच्या छोट्या फिल्म्सचा करार झाला, तेव्हा हौशी खेळाडूच्या नियमात ते बसवता आलं असतं. वकील होता, पळवाट त्याला दिसत नसेल असं नाही. पण हे हौशीपणाच्या भावनेला धरून नाही, असं स्वतःच जाहीर करून तो निवृत्त झाला. घरी बायको मेरी आणि मुलं होती. मोठ्या स्पर्धेच्या चार दिवसांत ताणानं त्याचं काही किलो वजन उतरायचं. त्याला ते पुरे झालं होतं. विनोदबुद्धी मात्र शेवटपर्यंत टिकली. १९६५ ची मास्टर्स स्पर्धा जॅक निक्लॉसनं २७१ फटक्यांत जिंकली तेव्हा तो म्हणाला, हा जो खेळ खेळतो त्याची माझी ओळख नाही.

नियम आजही तोच आहे, थोडा सुसह्य झालाय इतकंच. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चुकून चेंडू हलला तर २०१९ पासून दंड नाही, उचलून जागेवर ठेवायचा. इतरत्र आपल्यामुळे हलला तर एक स्ट्रोक, आणि चेंडू मूळ जागी परत. तो परत न ठेवता नव्या जागेवरून मारला तर एकूण दोन. आपल्यामुळे हलला हे निदान पंचाण्णव टक्के नक्की असावं लागतं. ही टक्केवारी बहुतेक वेळा खेळाडूलाच ठरवावी लागते.

इथं फोर-वे स्टॉपला, म्हणजे चारी बाजूंनी थांबायचं आणि आधी आला त्यानं आधी जायचं अशा चौकात, रोज असंच चालतं. आधी कोण आलं हे ज्याचं त्याला ठाऊक, पोलीस नसतो, कुणी हॉर्न मारत नाही. हे लिहिलं की घरून उत्तर येतं, "तुमचं तिकडचं नका सांगू." तिकडचं कशाला? गल्लीत बॅटिंगवाल्या टीमचाच पोरगा अंपायर असायचा. कड लागली की नाही हे बॅट्समनला विचारायचे, "आईशप्पथ?" आणि आईशप्पथ म्हणून खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खेळायला घेत नसत. कॅरममध्ये स्ट्रायकर गेला की ड्यूची सोंगटी माणूस आपल्या हातानं परत देतो. विश्वनाथ काही परदेशातून आलेला नव्हता.

जोन्सची ही गोष्ट ग्रुपवर पाठवताना मी एक भाग गाळत आलोय, तो इथं सांगायला हवा. अटलांटात पीचट्री क्रीकजवळ त्याच्या नावाचं सार्वजनिक गोल्फ कोर्स आहे, तेव्हा ते शहराच्या मालकीचं होतं. १९५१ मध्ये आल्फ्रेड 'टप' होम्स हा कृष्णवर्णीय खेळाडू वडील आणि भावासह तिथं खेळायला गेला आणि तिघांना परत पाठवलं. त्यांनी शहरावर खटला भरला. १९५५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, तेव्हा ही मैदानं सगळ्यांना उघडी झाली. जोन्स त्या खटल्यात पक्षकार नव्हता, मैदानाला फक्त त्याचं नाव होतं. पण ऑगस्टा नॅशनल, जिथं मास्टर्स होते तो क्लब, तर त्यानंच उभा केला, आणि तिथं पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आला, पहिल्या स्त्रिया २०१२ मध्ये. ज्या अटलांटाचा दाखला मी पुण्याला देतो, त्यात जोन्सच्या उमेदीच्या काळात माझ्या रंगाच्या माणसाला मैदानाचं फाटक बंदच असतं.

तरी त्याची एक गोष्ट मला सोडत नाही. १९२१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, एकोणीस वर्षांचा असताना, पहिल्या नऊ होलना ४६ लागले आणि अकराव्याच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वैतागून त्यानं चेंडूच उचलला, स्पर्धा अर्धवट सोडली. त्याच गावानं १९५८ मध्ये त्याला शहराचं मानाचं नागरिकत्व दिलं. त्याआधी तो मान मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ चा बेंजामिन फ्रँकलिन. तोवर सिरिंगोमायेलिया या मणक्याच्या आजारानं जोन्सचे पाय निकामी होत आले होते. १९४८ नंतर तो खेळलाच नव्हता. त्या सभेत तो म्हणाला, आयुष्यातून बाकी सगळं काढलं आणि सेंट अँड्र्यूजचे अनुभव तेवढे ठेवले, तरी माझं आयुष्य भरलेलंच असेल.

परक्या गावाबद्दल असं म्हणता यावं याचा मला हेवा वाटतो. मीही इथं नागरिकत्वाची शपथ घेतलीय, मतदान करतो, ईस्ट लेकवरून जाताना बरोबरच्याला जोन्सबद्दल आपला माणूस असल्यासारखं सांगतो. पण टेलरला परत बोलावलं ते बरोबर की चूक, यावर रात्री दीड वाजता भांडायचं असतं तेव्हा त्या भांडणाला लागणारी सगळी माणसं तिकडे असतात.