मालकाचं उत्तर: ‘चोरासारखी झडती’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

आमच्या बोटीने बेटावर तंबूत राहायला गेलात, त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. जेट्टीवर चारचौघांत बॅगा उघडाव्या लागल्या आणि घरच्यांना संकोच वाटला, त्याबद्दल माफी मागतो. पण ‘बेटावर जायच्या आधी चोरासारखी झडती घेतली’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तपासणी जातानाच होते. जो माणूस अजून बेटावर उतरलेलाच नाही, त्याने तिथलं काय चोरलं असणार? आम्ही बघतो ती सामानातून बेटावर जाऊ शकणारी बाहेरची माती, गवताचं बी, मुंग्या आणि उंदीर. तुम्ही लिहिलंय, ‘उंदीर काय तिकीट काढून बोटीत बसतो?’ लोक हसलेत त्यावर. सर, तो बिनतिकिटाचाच जातो. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाजवळ १९१८ साली मकाम्बो नावाची आगबोट खडकावर चढली. तिच्यातले उंदीर किनाऱ्याला लागले आणि पुढच्या काही वर्षांत फक्त तिथेच असणारे पाच प्रकारचे पक्षी कायमचे संपले. उंदीर घालवायची मोठी मोहीम झाली ती थेट २०१९ मध्ये. आमच्या बेटावरही पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. सामानातून एक गाभण मादी उतरली तरी खेळ खलास.

आता तुमचा तंबू. मागच्या ट्रेकनंतर तो उघडलाच नव्हता, हे तुम्हीच सांगितलंत. खुंट्यांच्या पिशवीत वाळलेला चिखल होता आणि व्हेलक्रो कुसळांनी भरलेलं. माझ्या बहिणीने चिमट्याने एकेक कुसळ उपसलं, बुटांचे तळवे ब्रशने घासून दिले. चोराचे बूट कोण घासून देतं? ‘तंबू, बूट धुऊन, वाळवून आणा’ हे बुकिंगच्या मेसेजमध्ये असतं. त्यावर तुमचा अंगठ्याचा इमोजीही आहे. स्क्रीनशॉट टाकत नाही, तेवढं सौजन्य बाळगतो. बोट चाळीस मिनिटं उशिरा सुटली हे खरं, पण त्यातली पहिली वीस तुमची वाट बघण्यात गेली.

शेकोटी करू दिली नाही म्हणता, तर तिला बंदीच आहे. निखाऱ्यांवर वाळू लोटली की ते विझल्यासारखे दिसतात, पण आत कित्येक तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पोराचा पाय नेमका तिथेच पडतो. परतीची वेळ बदलली ती भरतीमुळे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्याला माझा इलाज नाही.

नियम आम्ही केलेले नाहीत. तपासल्याशिवाय कुणाला उतरवलं तर परवाना जाईल आणि बोट दारात बांधून ठेवावी लागेल. मोसमाचे दिवस मोजके, त्यात तुमचा रिव्ह्यू वाचून लोक फोनवर विचारतात, ‘खरंच कपडे उपसता का हो?’ काय सांगायचं त्यांना?

तपासणीसाठी आडोसा करायचं मनात आहे, बघू, मोसम संपायच्या आत जमवतो. मेसेजमधली ‘धुऊन, वाळवून आणा’ ही ओळही वर घेऊ.

तुम्ही कचरा मात्र सगळा परत आणलात, जागा स्वच्छ ठेवलीत, हेही इथे लिहायला हवं. त्याबद्दल आभार. जमलं तर रिव्ह्यूमधला ‘चोर’ तेवढा काढा. स्टार दोनच राहू द्या हवं तर.