रोमिओचा घात दोस्तानं केला

'रोमिओ अँड ज्युलिएट' म्हटलं की लोकांना बाल्कनी आठवते. मला आठवतो तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश. भर दुपार, व्हेरोनाचा रस्ता, उन्हानं डोकी तापलेली.

माँटेग्यू आणि कॅप्युलेट या दोन घराण्यांत जुनं वैर. माँटेग्यूंच्या रोमिओनं कॅप्युलेटांच्या ज्युलिएटशी गुपचूप लग्न करून जेमतेम तास झालाय. तिचा मामेभाऊ टिबाल्ट त्याला तोंडावर हलकट म्हणतो. रोमिओ उलट म्हणतो, कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकंच प्रिय आहे. अख्ख्या गावात एवढा शहाणपणा दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. आणि तो झोंबतो कुणाला? रोमिओचा दोस्त मर्क्युशिओला! हा ना माँटेग्यू ना कॅप्युलेट, वैराशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मित्रानं पडतं घेतलं हे त्याला बघवत नाही, म्हणून तलवार तोच उपसतो. रोमिओ सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्युशिओला लागतो, त्यात तो मरतो.

मग रोमिओ काय म्हणतो? ज्युलिएट, तुझ्या रूपानं मला बायकी करून टाकलं. कमाल आहे! तासाभराची बायको, तिथे हजरही नाही, आणि खापर तिच्या माथी. थोड्याच वेळात रोमिओच्या हातून टिबाल्ट खलास.

टिबाल्ट सरळ भांडखोर, त्याच्यापासून चार हात लांब राहता येतं. मर्क्युशिओ गमत्या, सगळ्यांचा लाडका, आणि दोस्ताची मर्दानगी मापणारा. माझ्या लेखी जास्त घातक तोच.

शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनच्या प्रेक्षकाला यात नवल वाटलं नसणार. १५९५ मध्ये तिथे सॅव्हिओलो या इटालियन उस्तादाचं तलवारबाजीवरचं पुस्तक निघालं. कुणी खोटारडा म्हटलं तर इभ्रत कशी राखायची, यावर त्यात वेगळा भाग आहे. १५९८ मध्ये खुद्द नाटककार बेन जॉन्सननं गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात मारलं. लॅटिन वाचता येत होतं म्हणून पाद्र्यांसाठीच्या कायद्याच्या जुन्या सवलतीत फाशी टळली, अंगठ्यावर डाग देऊन सोडलं.

नाटकाच्या पहिल्या प्रवेशातले कॅप्युलेटांचे नोकर तर इरसालच. माँटेग्यूंच्या मोलकरणींवर हात टाकायच्या बाता मारतात, मग समोरच्यांना अंगठा चावून खिजवतात. जाब विचारल्यावर त्यांच्यातला सॅम्पसन हळूच सोबत्याला विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूनं का? नाही म्हणताच साहेब पलटतात: अंगठा चावतोय, पण तुम्हाला उद्देशून नाही!

तेवढ्यात म्हातारा कॅप्युलेट तलवार मागत येतो. बायको फटकारते, तलवार कसली मागताय, कुबडी मागा! टाळी घेणारं वाक्य. पण टिबाल्ट मेल्यावर हीच बाई रोमिओचा जीव मागते, पुढे त्याला विष घालायचा बेतही रचते.