एकनाडीला आरएचचा टेकू

इंदूरच्या मराठी वधूवर ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. थोडक्यात असा: पत्रिकेतली नाड म्हणजेच आजच्या विज्ञानाचा आरएच फॅक्टर, म्हणजे रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला की संतती होत नाही, झाली तर थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची. निगेटिव्ह मुलगी सून करून आणू नये, तिचं दुसरं मूल वाचत नाही. आणि पॉझिटिव्ह रक्त म्हणजे माकडाचा वारसा. खाली ‘प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोचवा’. लोक पोचवतात. राजवाड्यापासून रामबागेपर्यंत बायोडेटात ‘नाड: मध्य’च्या खाली ‘ओ निगेटिव्ह’ लिहिलं की पुढचा फोन येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी नाड. नक्षत्रं २७, नाड्या तीन, प्रत्येकीच्या वाट्याला नऊ. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे एखाद्या प्रसूतिगृहात आज दिवसभरात जन्मलेली बहुतेक बाळं एकाच नाडीची निघतील. त्यांच्या टाचेचं रक्त तपासा, ए, बी, ओ, एबी सगळे सापडतील. जुळ्यांचं तर विचारूच नका: नक्षत्र एक, नाड एक, आणि एक बाळ पॉझिटिव्ह, दुसरं निगेटिव्ह असू शकतं. रक्तगट आईबापांकडून येतो, पंचांगातून नाही.

आरएच ठरवणारं जनुक म्हणजे आरएचडी. ते पहिल्या गुणसूत्रावर असतं, आरएचसीई नावाच्या जुळ्यासारख्या शेजाऱ्याला खेटून. त्याच्यावरून ४१७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं, जे तांबड्या पेशीच्या आवरणातून बारा वेळा आत-बाहेर करत गेलेलं असतं. निगेटिव्ह माणसाच्या रक्तात काही ‘वाईट’ नसतं. बहुतेकदा त्याच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रतीच नसतात, इतकंच. लॅबमध्ये पाहिलंत तर कळेल. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब. त्यांत तपासणीचे द्राव घालायचे: एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी. काडीनं ढवळून टाइल हलवायची. प्रथिन असेल तर तिसरा थेंब फाटलेल्या दुधासारखा दाणेदार होतो. नसेल तर तसाच लालभडक, गुळगुळीत. निगेटिव्हचा अर्थ एवढाच.

आता गंमत पाहा. एकनाडीचा दोष दोघांची नाड *सारखी* असली की लागतो. आरएचची अडचण येते ती दोघं *वेगळी* असताना, तीही एकाच बाजूनं: बायको निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह. दोघंही निगेटिव्ह असतील तर मुलं निगेटिव्हच होतात आणि आरएचडीचा प्रश्नच मिटतो. ज्यांनी हा टेकू लावला त्यांनी निदान दिशा तरी तपासायची.

‘एकच गट, संतती नाही’ हे तर हिशोबातच बसत नाही. भारतात शंभरातले सुमारे ९५ जण आरएच पॉझिटिव्ह. म्हणजे शंभरातल्या नव्वदेक जोडप्यांत दोघंही पॉझिटिव्ह. मेसेज खरा असता तर सराफ्यात रात्री एवढी लेकरं दिसली नसती. एबीओ गटातही तेच: आई ओ आणि बाळ ए किंवा बी असलं की कधीकधी कावीळ होते, म्हणजे तिथंही कारण वेगळेपणाच.

थॅलेसेमिया हे निराळंच प्रकरण आहे. आरएचडी पहिल्या गुणसूत्रावर, एबीओ नवव्यावर, आणि बीटा थॅलेसेमियाचं जनुक अकराव्यावर. रक्तगट जुळण्या-न जुळण्याशी त्याचा संबंध नाही. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत बाळगत असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, मग एक ए पॉझिटिव्ह असो नि दुसरा बी निगेटिव्ह. सिंधी, पंजाबी समाजांत वाहक जास्त आढळतात. म्हणून आपल्यात नसतातच असं समजू नये. सिकल सेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकडं होण्याचा आजार, हाही त्याच जनुकातला दोष. तो जिथं आढळतो ते झाबुआ-अलीराजपूर आपल्यापासून लांब नाही, आणि त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. लग्नाआधी काही पाहायचंच असेल तर दोघांची एचबीए-टू ही थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी रक्ततपासणी करा. छत्तीस गुणांत तिला एकही गुण नाही, हे खरं दुखणं.

माकडाचा मुद्दा दोन ओळींत आटपतो. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या, म्हणजे आपल्या लाल तोंडाच्या माकडाच्या पेशी वापरून प्रयोग केले, त्यावरून नाव पडलं. पुढे कळलं की त्या प्रयोगातली प्रतिपिंडं (शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध बनवतं ती) मुळात वेगळ्याच प्रथिनावरची होती. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

उरली निगेटिव्ह मुलगी. या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो जास्त त्रास देतो. बाळंतपणात पॉझिटिव्ह बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर तिचं शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला ती प्रतिपिंडं वारेतून जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. एकेकाळी अशी बाळं खरोखर दगावत. पण ही प्रतिपिंडं बनू न देणारं अँटी-डीचं इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. ते नसताना पॉझिटिव्ह बाळ झालेल्या सुमारे १६ टक्के निगेटिव्ह बायकांत प्रतिपिंडं तयार होत. बाळंतपणानंतर ते वेळेवर दिलं की एक-दोन टक्क्यांत. त्यातही नवऱ्याकडे आरएचडीची एकच प्रत असेल तर निम्म्या शक्यतेनं बाळ निगेटिव्ह येतं आणि काळजीचं कारण राहत नाही. शिवाय निगेटिव्ह मुलगा सर्रास चालतो, मुलगी चालत नाही. दोघांच्या जोडीतून उभा राहणारा प्रश्न मुलीच्याच बायोडेटावर का चिकटवायचा?

तेव्हा घरात निगेटिव्ह सून असेल तर करायचं ते असं. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना गट सांगा, नवऱ्याचाही तपासा. आईच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच आहेत का हे पाहणारी इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी करून घ्या. ही तपासणी निगेटिव्ह आली तर २८व्या आठवड्यात अँटी-डी, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारून घ्या. घरात त्याची वाच्यता करायची नसली, तरी डॉक्टरांपासून लपवू नका.