‘बायकांना मत आयतं मिळालं’ म्हणणाऱ्यांना

निवडणूक आली की एक मजकूर फिरू लागतो: ‘इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका मतासाठी लढल्या. आपल्या बायकांना १९५०मध्ये संविधानानं ते न मागता दिलं. मागितलंच असेल, तर चार बड्या घरच्या बायकांनी.’ मद्रासच्या डॉक्टर आणि विधान परिषदेच्या सदस्य मुथुलक्ष्मी रेड्डी बायकांच्या मताधिकाराच्या ज्या चळवळीत वावरल्या, तिचा इतिहास पाहिला की यातलं काहीच टिकत नाही.

‘न मागता’? डिसेंबर १९१७मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मत कोणाला द्यायचं हे पाहणाऱ्या सरकारच्या साउथबरो समितीनं मागणी फेटाळली, तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा लेकीला, मिठनला, घेऊन १९१९मध्ये लंडनला गेल्या. अखेर निर्णय प्रांतांवर सोपवला गेला. मद्रास आणि मुंबईनं १९२१मध्ये बायकांना मत दिलं. मालमत्तेच्या अटीमुळे ते फार थोड्या जणींना मिळालं.

‘बड्या घरच्या’ हे तर मुथुलक्ष्मींबाबत फारच अन्यायाचं आहे. त्यांची आई चंद्रम्माळ देवदासी समाजातली. पुदुकोट्टईच्या कॉलेजात त्यांना घ्यायलाच विरोध झाला होता. तरी १९१२मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. १९२७मध्ये मद्रास विधान परिषदेच्या उपाध्यक्ष झाल्या. परिषदेतली त्यांची जागा सरकारी नेमणुकीची होती, हे खरं. पण त्या जागेवरून त्यांनी आधी कोणाची बाजू मांडली? देवदासींची. १९२९च्या कायद्यानं देवदासींच्या इनाम जमिनी देवळातल्या सेवेच्या अटीतून सुटल्या, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत. आणि १९३०मध्ये गांधीजींना अटक होताच त्यांनी त्या जागेचा राजीनामा दिला.

राहिलं १९५०. प्रौढ मताधिकाराची मागणी या बायकांनी त्याच्या कितीतरी आधी लावून धरली होती. १९३३मध्ये मुथुलक्ष्मी, राजकुमारी अमृत कौर आणि बेगम शरीफा हमीद अली यांनी लंडनला, भारताच्या नव्या राज्यकारभाराचा कायदा ठरवणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. तिघी देशातल्या तीन मोठ्या महिला संघटनांच्या वतीनं बोलत होत्या. त्यातली अखिल भारतीय महिला परिषद १९२७मध्ये पुण्यात सुरू झालेली. मत प्रत्येक प्रौढाला हवं, नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत नको, धर्मावर विभागलेले मतदारसंघही नकोत, ही त्यांची भूमिका होती. मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट: हाताशी आलेलं अर्धंमुर्धं मत त्यांना पुरेसं वाटलं नाही. १९३५च्या कायद्यानं त्यांचं ऐकलं नाही. नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत देण्याची तरतूद तशीच राहिली. मालमत्तेची अट संविधानानं काढली, तेव्हा प्रौढ मताधिकाराच्या मागणीला वीसेक वर्षं होत आली होती.