चिकूला ब्रुअरीत न्यायचं की नाही

रविवारी सकाळी पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने टेकडी उतरली की आमचा कट्टा भरतो. चहाची टपरी आणि समोर कमरेएवढी दगडी भिंत, एवढंच. या रविवारी मन्या आणि अनघा होते, शिरीष होता, काका होते (सख्खे कुणाचेच नाहीत, पण बारा वर्षांपासून सगळ्यांचेच काका) आणि मी. मन्या-अनघाचा चिकू, वय साडेचार, भिंतीखाली उकिडवा बसून मुंग्यांच्या रांगेपुढे क्रीमरोलचा चुरा टाकत होता.

मन्या म्हणाला, "येत्या शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. मुंढव्याला ब्रुअरीत टेबल सांगितलंय, रात्री आठचं. सगळ्यांनी यायचंय. चिकूही आहेच."

काकांनी कप खाली ठेवला. "चिकू कुठे? दारूच्या गुत्त्यात?"

"काका, गुत्ता नाही हो. बिअर तिथेच बनवतात, तिथेच देतात. पिझ्झा मिळतो, फ्राइज मिळतात. लहान मुलांना उंच खुर्ची आणून देतात, रंगवायला कागद देतात."

"उंच खुर्ची दिली म्हणून जागा लहान मुलांची होते का रे?"

इथून जी जुंपली ती उन्हं अंगावर येईपर्यंत. चहा तीनदा झाला. मी हे लिहून काढतेय, कारण या प्रश्नात मी दोन्ही बाजूंनी बसून आलेय आणि त्या दिवशी कट्ट्यावर मला सगळं धड बोलता आलं नाही.

मन्याचं म्हणणं आधी सांगते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणाला, "माझे बाबा महिन्यातून एकदा घ्यायचे. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून यायची, मधल्या खोलीचं दार लागायचं, आई आम्हाला गॅलरीत बसवायची. आत काय चाललंय कळायचं नाही, पण काहीतरी वाईट चाललंय एवढं कळायचं. मला चिकूला ते दार दाखवायचं नाहीये. बाप जेवणाबरोबर एक ग्लास घेतो, हसतो, बोलतो, थांबतो आणि घरी येतो, हे त्याने बघावं."

आणि पुण्यात हे सगळं काही काल उगवलेलं नाही, असंही तो म्हणाला. डूलालीने पुण्यात २००९ मध्ये बिअर बनवायला सुरुवात केली. देशातल्या अगदी पहिल्या काही मायक्रोब्रुअरींमधली ती एक. म्हणजे तेव्हा जन्मलेलं मूल आज बारावीच्या आसपास असेल. काळ्या काचांची, अंधारी परमिट रूम वेगळी आणि काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात अशी उजेडाची जागा वेगळी.

शिरीष दोन वर्षं म्युनिकला होता. हा विषय निघाला की तिथलं बिअर गार्डन त्याच्या डोळ्यांसमोर येतंच. त्याने सांगितलं, की बव्हेरियाच्या राजाने १८१२ मध्ये ब्रुअरीवाल्यांना आपापल्या तळघरांपाशी बिअर विकायची परवानगी दिली, पण ब्रेडखेरीज खायचं काही विकायचं नाही अशी अट घातली. लोक घरून डबा नेऊ लागले आणि आजही नेतात. वर चेस्टनटची झाडं, तीही खालची तळघरं थंड राहावीत म्हणून लावलेली. त्या सावलीत लांबलचक बाकं, आज्या, नातवंडं, बाजूला घसरगुंडी. "तिथे मूल आणलं म्हणून कुणी मान वळवून बघत नाही," तो म्हणाला. "कायद्यानेसुद्धा बिअर सोळाव्या वर्षी चालते, आईबाप बरोबर असतील तर चौदाव्या."

"चौदाव्या!" काका.

"त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याकडे सौम्य बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. मी चिकूला पाजा म्हणत नाहीये. बसू द्या म्हणतोय."

मला इथे आठवली ती आपली गार्डन रेस्टॉरंट्स. सिंहगड रोडला होती, मुंबई-बंगळूर हायवेला होती, शहराच्या कडेकडेने सगळीकडे होती. जमिनीवर खडी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, झाडांना गुंडाळलेले दिवे आणि एका कोपऱ्यात झोपाळा, घसरगुंडी, सी-सॉ. बाबांपुढे बिअरची बाटली आणि मसाला पापड, आईपुढे फ्रेश लाइम, आम्ही पोरं घसरगुंडीवर. म्हणजे मुलांदेखत पिणं पुण्याला नवं नाही. नवं आहे ते वेगळंच. तेव्हा आमच्यात आणि त्या टेबलात पन्नास पावलांचं अंतर होतं. आम्ही आमच्या खेळात, ते त्यांच्या गप्पांत. भूक लागली की धावत यायचं, पापडाचा तुकडा मोडून घ्यायचा, परत पळायचं. आम्ही त्यांची वाट बघत बसलेलो नसायचो. आताच्या ब्रुअरीत मुलाला ती पन्नास पावलंच नाहीत. उंच खुर्चीचा पट्टा लावला की ते टेबलाशी बांधलं गेलं.

हे मी बोलले तेव्हा मन्या गप्प झाला, पण अनघा उसळली. इतका वेळ ती चिकूच्या बुटांत गेलेली माती झटकत होती.

"तुम्ही सगळे मुलाला न्यायचं की नाही यावर बोलताय. न्यायचं नाही म्हटलं की काय होतं, सांगू? मन्या जातो. मित्र बोलावतात, ऑफिसचे बोलावतात, तो जातो. मी चिकूबरोबर घरी. साडेचार वर्षांत मी रात्रीची किती वेळा बाहेर पडले, मोजून सांगते. सासूबाई साताऱ्याला, आई नाशिकला, बाई सहाला घरी जाते. चिकूला नेऊ नका म्हणजे अनघाला नेऊ नका. सरळ म्हणा ना तसं."

यावर काकाही काही बोलले नाहीत. तिचं खरं होतं. मूल आणू नका असं म्हणणाऱ्याने, मग मूल सांभाळणार कोण, हे त्याच श्वासात सांगायला हवं. नाहीतर ती बंदी मुलावर नसतेच, आईवर असते.

पण मला माझी शनिवारची संध्याकाळ सांगायची होती. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. मैत्रिणीचा वाढदिवस, बालेवाडीकडची एक ब्रुअरी. आम्ही पाचलाच पोचलो होतो. पहिले दोन तास फार छान गेले. काचेपलीकडच्या टाक्या बघून लेक म्हणाली, "हे दुधाचे आहेत ना?" बालवाडीच्या सहलीला ती कात्रज डेअरीत जाऊन आली होती, तिला सगळ्या स्टीलच्या टाक्या दुधाच्याच. तिथल्या बिअर बनवणाऱ्या मुलाने ते ऐकलं आणि आतून ओंजळभर माल्ट आणलं. सातू भिजवून, मोड आणून, मग भट्टीत सुकवलेलं. तिने एक दाणा चावला. "गोड आहे!" त्या मुलाने तिला खाली बसून समजावलं, की या गोडाचं पाणी काढतात आणि यीस्ट नावाचे बारीक बारीक जीव ते खातात. "मुंग्यांसारखे?" तिने विचारलं. तो म्हणाला, "मुंग्यांपेक्षा खूप लहान, पण तितकेच हावरे." घरी गेल्यावर आठवडाभर ती इडलीच्या पिठाचं झाकण उघडून यीस्ट शोधत होती. ती ब्रुअरीत गेली याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मग साडेसात झाले. दिवे मंद झाले, गाणी मोठी झाली. वेटर ऑर्डर घ्यायला कानाशी वाकायला लागला. लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "आई, घरी." मी म्हटलं, "पाच मिनिटं, बाळा." थोड्या वेळाने परत, "आई, घरी." परत पाच मिनिटं. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस उठून आला. वाईट नव्हता, प्रेमळच होता, पण चढलेला होता. तिच्या गालाला हात लावून, तोंड अगदी जवळ आणून तो काहीतरी लाडाचं बोलत राहिला. ती मागे सरकली, खुर्चीची पाठ लागली, आणखी मागे जायला जागा नव्हती. आम्ही हसून "काही नाही, काका आहेत" म्हणालो. ते वाक्य मला अजून टोचतं. ज्या माणसाजवळून मी स्वतः बाजूला झाले असते, त्याच्याजवळ मी तिला "काही नाही" म्हणून बसवून ठेवलं.

पुढे ती बोललीच नाही. दोन खुर्च्या जोडून, माझ्या पर्सवर डोकं ठेवून, त्या आवाजात झोपून गेली. सगळे म्हणाले, "किती शहाणी आहे, जराही त्रास देत नाही." ती शहाणी नव्हती. चार वेळा सांगून झालं होतं आणि पाचव्यांदा सांगून उपयोग नाही हे तिला कळलं होतं.

एवढं सांगून मी थांबले. काका बराच वेळ भिंतीच्या दगडावर नखाने रेघ ओढत होते. मग म्हणाले, "मला आई पाठवायची. अंधार पडला की. जा, बाबांना बोलावून आण. मी सात-आठ वर्षांचा. गुत्त्याच्या दारात उभा राहायचो. आत जायचं नाही, अशी आईची ताकीद. बाहेरून हाक मारायची. बाबा म्हणायचे, आलो, हो पुढे. मी पुढे होत नव्हतो. गटाराच्या कडेला उभा राहायचो. तो वास अजून आला ना, की माझे पाय दुखतात."

मन्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, ते वेगळं. तुमच्या बाबांचं..."

"वेगळंच आहे. तुझं चांगलं आहे, एसी आहे, पिझ्झा आहे. मी फक्त उभं राहण्याबद्दल बोलतोय."

माझ्या मते सगळा वाद इथेच आहे. मुलाने ग्लास बघितला, फेस बघितला, बापाला हसताना बघितलं, याने काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या "चला"ला किंमत उरत नाही तेव्हा. मोठ्या माणसाला कंटाळा आला तर तो उठून जातो, रिक्षा करतो. साडेचार वर्षांच्या मुलाकडे फक्त तो एक शब्द असतो. आणि बिअरचा गुणच असा, की पहिल्या ग्लासानंतर पाच मिनिटं पाच मिनिटांची राहत नाहीत. ती ताणली जातात आणि ताणणाऱ्याला कळत नाही.

दारातली गोष्टही मला खटकते. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर (पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा बळी घेतला, तो) मी जिथे जिथे गेले तिथे दारात ओळखपत्रं नीट बघतात. विशीच्या मुलाला परत पाठवतात, आणि पाठवायलाच हवं. पण चार वर्षांचं मूल रात्री नऊला आत येतं, तेव्हा कुणी काही विचारत नाही. अमेरिकेत काही टॅपरूमवाले, म्हणजे बनवलेली बिअर तिथेच देणारे, पाटीच लावतात, की अमुक वाजल्यानंतर लहान मुलं नकोत. आपल्याकडेही लावावी. दुपारी खुशाल या, टाक्या बघा, माल्ट चाखा. संध्याकाळी गाणी मोठी झाली की मुलांची वेळ संपली. वेटरला सांगायला सोपं, आणि "त्यांनाच चालत नाही" म्हणून आईबापांनाही उठायला सोपं.

शिरीषने मग परतीचं काढलं. "मुंढव्याहून कोथरूडला गाडी कोण आणणार?" मन्या म्हणाला, "मी एकच घेतो." शिरीष इंजिनिअर, त्याने हिशोबच मांडला. अर्धा लिटर, पाच टक्क्यांची बिअर म्हणजे साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला सात-आठ ग्रॅम निपटतं, म्हणजे एका ग्लासाला अडीच-तीन तास. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची, आणि ती एका मोठ्या ग्लासातही ओलांडली जाऊ शकते. "मागच्या सीटवर चिकू असणार," तो म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही.

शेवटी मी माझं मागणं मांडलं. शनिवारी रात्री आठ नाही, रविवारी दुपारी बारा. उघड्यावरचं टेबल. चिकूने "घरी" म्हटलं की बिल मागवायचं, ग्लास अर्धा असला तरी. आणि आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाने थेंबही घ्यायचा नाही, कारण चिकू ज्याच्या मांडीवर झोपणार, ज्याचा हात धरून रस्ता ओलांडणार, ते माणूस पूर्ण शुद्धीत असलं पाहिजे.

मन्या पटकन म्हणाला, "हे मान्य. सगळं मान्य."

अनघा त्याच्याकडे बघत राहिली. "न पिणारं माणूस कोण असणार, ते सांग आधी. कारण आजपर्यंत प्रत्येक वेळी ती मीच आहे. न ठरवता. तू ग्लास मागवतोस आणि माझं ठरून जातं."

चिकूचा क्रीमरोल संपला होता. तो येऊन मन्याच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला.

"या वेळी मी," मन्या म्हणाला.

"नुसतं या वेळी नाही. पुढच्या तीनही वेळा. आणि टेबल मी सांगणार."

मन्याने फोन काढला आणि शनिवारचं टेबल तिथेच, भिंतीवर बसल्या बसल्या रद्द केलं. काकांनी विचारलं, "तिथे चहा मिळतो का गं? नाहीतर मी घरून थर्मास आणतो."