कॅलिगरी म्हणजे नुसती वाकडी घरं नाहीत हो

सध्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' या जुन्या जर्मन मूकपटाच्या रील्स फिरतायत, तिरक्या भिंती, टोकदार खिडक्या, डोळ्यात काजळ फासलेला तो उंच माणूस, आणि खाली सगळ्यांचं एकच, काय एस्थेटिक आहे यार! आहेच. सेटवरच्या सावल्यासुद्धा रंगवून काढल्यात. पण त्या काजळवाल्याचं काय? तो सीझर. झोपेत चालतो आणि डॉक्टर सांगेल त्याला मारून येतो, बस.

पिक्चर लागला फेब्रुवारी १९२० मध्ये, बर्लिनला. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम सव्वा वर्ष, जर्मनीचे वीसेक लाख सैनिक गेलेले, आणि परत आलेल्यांत कितीतरी जण थरथरणारे, वाचा बसलेले, ज्यांना मिलिटरीच्या डॉक्टरांनी विजेचे शॉक देऊन 'बरं' करायला घेतलेलं. आता या पब्लिकला हुकमावर खून करणारा पोरगा आणि हुकूम देणारा डॉक्टर दाखवा, त्यांना कोण आठवेल? म्हणून सिनेमाचा अभ्यासक क्राकाउअर याचं मला पूर्ण पटत नाही. त्याने १९४७ साली मांडलं की त्या काळच्या अशा जर्मन सिनेमांत हिटलरची चाहूल आहे. अहो, १९४७ मध्ये बसून चाहूल कुणालाही लागेल! १९२० चा प्रेक्षक पुढचं नाही, मागचं बघत होता.

शेवटाचं भांडण तर जुनंच आहे. (स्पॉयलर आहे, पण शंभर वर्षं झाली, आता काय.) गोष्ट सांगणाराच वेडा निघतो आणि डॉक्टर सज्जन. लेखकांपैकी यानोवित्स स्वतः युद्धात अधिकारी होता, त्याचं म्हणणं की सत्तेला शिव्या घालणारी आमची गोष्ट या चौकटीने, म्हणजे मूळ गोष्टीभोवती गुंडाळलेल्या या बाहेरच्या गोष्टीने, पार उलटी केली. पुढे मूळ पटकथेची प्रत मिळाली तर त्यातही एक चौकट होतीच, फक्त वेगळी. पण मला विचाराल तर डॉक्टर काही सुटत नाही, कारण सगळं वेड्याच्या डोक्यातलं होतं म्हणता, मग गोष्ट संपल्यावरही वेड्यांच्या इस्पितळाचं ते अंगण तसंच रंगवलेलं, तसंच विचित्र का दिसतं? आणि डॉक्टर शेवटी म्हणतो, याला कसं बरं करायचं ते आता मला कळलं. शॉक खाऊन आलेल्या माणसाला हे वाक्य दिलासा वाटलं असेल? मला तर धमकी वाटते.

बघणार असाल तर यूट्यूबवरची ती धुरकट कॉपी नको, २०१४ ची रिस्टोर केलेली प्रिंट शोधा, त्यात मूळचे रंगाचे टिंट आहेत आणि भिंतींवरचे ब्रशचे फटकारेसुद्धा दिसतात.